सातवा बार

साखऱ्याच्या शिवारात विहीर खोदायची म्हटली, की खडक फोडणारे कोणीही असोत, बार मोजायला सोनाजीच लागे. रीत साधी होती. खडकात भोके पाडून सुरुंग भरायचे, वाती पेटवून वर यायचे आणि दूर उभे राहून आवाज मोजायचे. जितक्या वाती, तितके बार. एक जरी कमी भरला, तरी दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी विहिरीत उतरायचे नाही. न फुटलेला सुरुंग खाली माणसाची वाट पाहत असतो. तीस वर्षांत सोनाजीची मोजणी एकदाही चुकली नव्हती. त्याच्या ‘उतरा’ या एका शब्दावर माणसे निर्धास्त खाली जात. आयुष्यात त्याने एवढेच कमावले होते.

यंदा त्याचा धाकटा चुलतभाऊ रविंद्र कायमचा गावी परतला. अठ्ठ्याण्णव साली अणुस्फोटाच्या चाचणीसाठी वाळवंटात जी खोल भोके खोदली गेली, ती खोदणाऱ्या जवानांत तो होता. शाळेत त्याचा सत्कार झाला. शाल, हार, नारळ. सोनाजी शेवटच्या बाकावर बसून शालीचे काठ न्याहाळत राहिला.

“भावजींचं कवतिक झालं तर तुमचं पोट काहून दुखून राहिलं?” घरी त्याच्या बायकोने, जनकाबाईने विचारले.

“पहार धरायला त्याला कुणी शिकवलं? भाषणात सांगितलं का त्यानं?”

“मंग जा, अर्धी शाल मागून आणा.”

पुढे सार्वजनिक विहिरीचे काम निघाले, आणि पंचायतीने मोजणीसाठी सोनाजीच्या जोडीला रविंद्रला उभे केले. सोनाजीने हा अपमान गिळला.

पहिल्या दुपारी सहा वाती पेटवल्या. सोनाजीने सात बार मोजले. सातवा कानांनी ऐकू आलाच नाही. तो तळपायांतून गुडघ्यांपर्यंत चढला, सावकाश, जणू गावाच्याही पुष्कळ खालून. झाडाचे पान मात्र हलले नाही.

“सात,” सोनाजी म्हणाला.

“काका, वाती तर सहाच व्हत्या,” विहिरीत पेटी सोडणारी यारी चालवणारा प्रेमानंद हसला. “एक बार घरून आणला का?”

रविंद्र हसला नाही. त्याने सोनाजीला बाजूला नेले.

“दादा, सातवा पायातून आला?”

“व्हय.”

“तो माझा हाये. तिथं वाळवंटात एक भोक खोदून ठेवलं व्हतं, ते फोडलंच न्हाई. पुढं अणूचे असे गोळे किती बनवले, कुठं साठवले, आपल्याला कोण सांगतं? पण तवापासून मला तो रोज येतो, बराबर याच टायमाला. आज पहिल्यांदा मला आला न्हाई.”

सोनाजीला भय वाटायला हवे होते. पण त्याच्या मनात एकच शब्द रुतून बसला : माझा. एवढेसुद्धा हा माणूस दुसऱ्याला द्यायला तयार नव्हता!

त्यानंतर रोज तो सात मोजी, मनातल्या मनात एक वजा करी आणि लोकांना सहा सांगे. आठवडाभर हिशेब जुळला.

आठव्या दिवशीही वाती सहाच होत्या. सोनाजीने मोजले. सहा.

“पाच!” रविंद्र ओरडला. “एक राहिला. कुणीच उतरू नका.”

माणसांनी लगेच पहारी खाली ठेवल्या. सोनाजीकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही.

सोनाजीच्या वजाबाकीतही पाचच उरत होते. परंतु रविंद्रने आधी उच्चारलेला आकडा त्याच्या जिभेवर येईना.

“सहा,” तो म्हणाला. “मी उतरतो.”

“दादा, जीव जाईल.”

“मोजणी माझी हाये. प्रेमा, सोड यारी.”

लोखंडी पेटी त्याला घेऊन चाळीस फूट खाली आली. धूर विरत होता. त्याने वाकून एकेक भोक तपासले. एक फुटलेले. दोन. तीन. चार. पाच.

सहावेही फुटलेले होते.

तो बरोबर ठरला होता! त्याला रडू फुटले.

मग मधोमध त्याला आणखी एक भोक दिसले. ते कोणीच पाडलेले नव्हते. त्याचा काठ गुळगुळीत होता, आणि ते तोंडापर्यंत पिवळ्या, बारीक वाळूने भरलेले होते. या काळ्या मुलखात अशी वाळू नव्हती. त्याने तळहात टेकवला. वाळू कोमट होती.

“सहाच फुटले!” तो वर पाहून ओरडला. “सहा!”



काठावर सगळी माणसे उभी होती. सगळ्यांची पाठ विहिरीकडे होती. सगळ्यांनी तळहातांनी डोळे घट्ट झाकले होते.

रविंद्र शांतपणे मोजत होता. “आठ. सात.”

बाकीचे त्याच्यामागून तोच आकडा म्हणत होते.

“सहा. पाच.”

प्रत्येक आकड्यासरशी वाळू बोटभर खाली जात होती.

सोनाजीने ते पाहिले. मग मान वर करून, रविंद्रच्या आधी, त्याच्याहून मोठ्या आवाजात तो म्हणाला,

“चार.”