मोडक्या शिंगाची गाय

म्हापशाहून हळर्णला जाणारी सव्वाआठची बस गचकन थांबली आणि माझ्या मांडीवरचे चाळीस फॉर्म शेजारच्याच्या दुधाच्या रिकाम्या कॅनवर जाऊन पडले.

त्याने ते गोळा केले, कडेला कड लावून नीट केले, आणि मग - मला न विचारता - वाचायलाच लागला.

“‘घरातील अविवाहित व्यक्ती किती?’... एक. ही काय, तुमच्या बाजूक बसलीय.”

मी फॉर्म ओढून घेतले. “हा दुधाचा सर्व्हे आहे.”

“मगे दुधाचो नि लग्नाचो संबंध काय?”

“लग्नं झाली की माणसं वेगळी होतात. गोठ्यात राबणारे हात कमी होतात. ते मोजावं लागतं.”

“माझे दोनय हात मोकळे आसत, मॅडम. मांडून ठेवा.”

मी बसच्या खिडकीबाहेर बघितलं. काजूच्या बोंडांचा आंबूस-गोड वास बसमध्ये शिरला होता आणि माझे कान उगाच तापले होते. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याचे कान मात्र पूर्ण मागे वळले होते. ते मला दिसलं. पण मी ते मोजलं नाही. सगळी चूक तिथेच झाली.

गोवा राज्य होऊन तेव्हा वर्ष उलटत होतं. मी, सुविधा, डिचोलीची, म्हापशाच्या एका दूध डेअरीत सर्व्हेला लागले होते. हळर्णच्या एका वाड्यावर शंभर गाई भरल्या तर डेअरी तिथे दूध थंड करायचं केंद्र काढणार होती. शेजारचा हा गौरेश रोज सकाळी गावाचं दूध बसमधून म्हापशाच्या हॉटेलांना पोचवायचा. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तरी ते नासायचं. केंद्र व्हावं म्हणून तोच डेअरीत सहा वेळा येऊन गेला होता, हे मला नंतर कळलं.

वाड्यावर माझं स्वागत असं झालं की मी चकितच. प्रत्येक ओसरीवर धुतलेली चटई. पेलाभर दूध, वर लाडू. आणि मी न विचारताच उत्तरं! “झिलाक सरकारी नोकरी लागतली हां, बाय.” “विहिरीक मे महिन्यातय पाणी.” मी गोठा बघायचा म्हटलं की, “बस गो वायच, घाम पूस,” म्हणत दहा मिनिटं बसवायचे आणि मग गोठा दाखवायचे, भरलेला.

शेवटचं, चाळीसावं घर गौरेशचं. त्याची आई गंगाबाय सरळ म्हणाली, “गाय एकच आसा. तीय भाकड.” चटईसुद्धा झाडलेली नव्हती. मला थोडा रागच आला. माझ्यासाठी एवढीही तयारी नाही?

दोन दिवसांनी ऑफिसात मी तक्ते मांडायला बसले. एकूण गाई एकशे तेरा. आमचे साहेब शांतारामबाब खूश. “सोमवारी मालकांसमोर मांड. केंद्र पक्कं!”

पण मला खोड आहे, शेरे वाचायची. रकान्यातला आकडा कुणीही भरतं, शेऱ्यात माणूस सापडतो. सातव्या घराच्या शेऱ्यात मी लिहिलं होतं: ‘एक गाय उजव्या शिंगाने मोडकी.’ बाराव्या घरी? ‘उजवं शिंग मोडकं.’ एकोणिसाव्या घरी...

माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

एकच गाय! मी पुढच्या दाराने एका घरातून निघाले की ती परसातून दुसऱ्या घरी जाऊन माझी वाट बघत उभी!

मी फॉर्म पुन्हा पुन्हा वेगवेगळे लावून पाहिले. जमिनीप्रमाणे, माणसांप्रमाणे, काही जुळेना. मग अविवाहित मुलांचा रकाना घेतला. लग्नाचा मुलगा नाही अशी बावीस घरं - दर घरी दोन गाई. लग्नाचा मुलगा आहे अशी सतरा घरं - दर घरी चार!

अख्ख्या वाड्याने मला सोयरीक बघायला आलेली बाई समजलं होतं.

आणि एक घर कुठेच बसत नव्हतं. मुलगा लग्नाचा, गाय एक, भाकड.

मी तशीच हळर्ण गाठलं. यावेळी ओसरीवर बसले नाही. सांजेला गुरं परततात त्या पाणंदीच्या तोंडाशी उभी राहिले. गाय दोनदा परतत नाही. मोजल्या - सत्तर. मोडक्या शिंगाची एकदाच.

मागून गौरेशचा आवाज आला. “कळलां तर तुका.”

“तुला ठाऊक होतं?” मी गरकन वळले.

“बसमधल्या बाबलीकाकान गावभर केलां. मी सांगलंय, दुधाचांच काम आसा. तर म्हणता, सोयरिकीवाले चलाख आसत, पयली दुधाचांच नाव काढतत.”

“मग तू का नाही वाढवल्यास गाई? केंद्र तर तुलाच हवं होतं!”

गौरेश पायाने माती उकरत राहिला... उत्तर कुंपणापलीकडून गंगाबायने दिलं.

“मी ह्याका म्हटलंय, दोन गाई बांधून ठेवया. तर म्हणता, आये, तिका उद्या हंयच रवाचां आसा. गोठो ती बघतलीच. मगे खोटां कित्याक?”

एवढे सर्व्हे केले, इतकं थेट उत्तर कुणी दिलं नव्हतं, तेही न विचारलेल्या प्रश्नाला!

“आये!” गौरेश ओरडला.

मी पळाले. अक्षरशः.

रविवारभर दोन तक्ते माझ्यासमोर होते. एकात एकशे तेरा, एकात सत्तर. पहिला दाखवला की केंद्र होणार, गौरेशचं दूध नासणं थांबणार. आणि वर्षभरात, तीस-चाळीस गाई कमी पडल्या की, त्याला कुलूप लागणार. पण ते वर्षानंतर... सोमवारी मी सत्तरचा तक्ता मालकांसमोर धरला. शांतारामबाबांचा चेहरा बघवत नव्हता. केंद्र दुसऱ्या गावाला गेलं.

दुसऱ्या दिवशी म्हापशाच्या स्टँडवर तो कॅन घेऊन उभा. आता बोलणार, म्हणून मी आधीच बोलले. “माझ्यामुळे गेलं तुझं केंद्र.”

“गेलां.” त्याने कॅन खाली ठेवला. “सात म्हयने खपलंय त्यासाठी. वायट वाटलां. खूप.”

मला रडू फुटायच्या बेतात होतं.

“पण तू एकशे तेरा सांगली असती, तर मी तुका परत इचारलंय नसतंय.” तो कॅन ओलांडून पुढे आला. “आता इचारतंय. आवयन अर्धां सांगलां. उरलेलां मी सांगू?”

“काही नको.” मी पिशवीतून चाळीसावा फॉर्म काढला. तो ऑफिसात ठेवायचा होता, का कोण जाणे, माझ्याकडेच राहिला होता.

‘घरातील अविवाहित व्यक्ती: एक.’

आकडा मी खोडला नाही. खरा होता तो अजून. शेऱ्याच्या रकान्यात तेवढं लिहिलं, आणि कागद त्याच्याकडे वळवला:

‘ही माहिती मे महिन्यापर्यंतच धरावी.’

त्याने ते दोनदा वाचलं. आणि सव्वाआठची बस त्याला नि त्याच्या कॅनला न घेताच निघून गेली.