बाबांच्या पाठीतलं पाणी

मेंदूभोवतून पाठीच्या मणक्यात उतरणारं पाणी सुईने काढून प्रयोगशाळेत आलं, की पहिली तपासणी डोळ्यांची. नळी छापील कागदापुढे धरायची. अक्षरं स्वच्छ दिसली तर पाणी नितळ, अंधूक दिसली तर काहीतरी बिनसलंय. महागडी यंत्रं त्यानंतर. ही तपासणी रोज तीच करायची, आणि तिच्या टेबलासमोर कोणीतरी यासाठी वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक चिकटवलं होतं. आजवर कितीतरी मेंदूंचा पहिला निकाल 'लोकरी कपडे वेगळे धुवावेत' या वाक्यावर लागला होता.

आजच्या चार नळ्या तिच्या बाबांच्या होत्या.

बाबांच्या डोक्यात पाणी साचलंय, असा डॉक्टरांचा अंदाज होता. पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले होते, आणि विसरणं तर असं, की आईचीही ओळख गेली. उरली होती एकच हाक. लेक दिसली की बाबा म्हणायचे, "ढब्बू, जेवलीस का?" तेवढ्यावर घर तग धरून होतं.

"थोडं पाणी काढून बघू," डॉक्टर म्हणाले होते. "साचल्यामुळेच असेल, तर फरक पडेल."

"मी करू का तुझ्याऐवजी?" शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं.

"कशाला? घरचंच पाणी आहे."

तो हसला नाही. तीही नाही.

तिने एक नळी धरली. पाणी लख्ख, अक्षरं ठसठशीत. फक्त त्यांत लोकरी कपडे नव्हते.

'ढब्बू, जेवलीस का?'

नळी बाजूला केली. लोकरी कपडे. परत धरली. ढब्बू.

"काय गं, गढूळ आहे?"

"नाही. वाचता येतंय."

फोन वाजला. आई होती, वॉर्डातून. "अगं, बाबा चालले! कुणाचा हात न धरता, पार दारापर्यंत! डॉक्टर म्हणतात, उद्या पाणी वाहून जायला कायमची नळी बसवू."

"बाबांना दे."

मग बाबांचा आवाज आला. परक्या माणसाशी बोलतानाचा, अदबीचा. "नमस्कार. कोण बोलतंय आपण?"

"बाबा, मी ढब्बू."

"असं होय? म्हणजे काय असतं ते?" बाबांनी मनापासून विचारलं.

फोन ठेवून ती वळली. तेवढ्यात सहकाऱ्याने तीन नळ्या यंत्राला लावूनही टाकल्या होत्या. "म्हटलं, तुझा भार हलका करावा," तो ओशाळून म्हणाला. यंत्राने पाणी ओढून घेतलं होतं. निकाल पडद्यावर होता: सगळं नॉर्मल.

राखून ठेवायची चौथी नळी त्याने फ्रीजमध्ये ठेवली होती.

ती काढून तिने पत्रकापुढे धरली.

'गारठा चालेल, ढब्बू. पण दार लावलं की आतला दिवा जातो.'