व्हर्लिनचं नवं इंजिन

हसायचंय ना? मग आत्ताच हसून घ्या. आणि डॅरिल, ती बियर खाली ठेव, ऐकता ऐकता सांडशील.

व्हर्लिन स्टॉफर माझा मित्र. इथून दोन शेतं सोडून राहायचा. एकदा सप्टेंबरात तो ट्रेलर घेऊन भंगारवाल्याकडे गेला, एका ठोकलेल्या पिकअपचं इंजिन आणायला. जवळजवळ नवंकोरं, कॉम्प्युटरवर चालणारं. ते त्याला सत्तर सालच्या निळ्या गाडीत बसवून शर्यत मारायची होती.

गाडी त्याच्या थोरल्या भावाची, कर्टिसची. कर्टिस तेव्हा गॅरेजला लागून असलेल्या खोलीत, नाकात नळी घालून पडलेला. बिचाऱ्याचं मागणं एकच. "मी आहे तोवर इंजिन काढू नकोस रे. संध्याकाळी एकदा चालू कर, मला ऐकू दे. बास."

व्हर्लिननं काय केलं? जुनं इंजिन साखळीनं उपसून त्याच भंगारवाल्याला देऊन टाकलं! अरे, आम्हा जुन्या गाड्यावाल्यांतला नालायकातला नालायकही असं करत नाही. नवं बसवतो, पण जुनं ताडपत्रीखाली कोपऱ्यात जपून ठेवतो.

मग महिनाभर रोज थापा. "बॅटरी उतरलीय, कर्टिस." "आज पेट्रोल नाहीये." शेवटी नवं इंजिन बसलं आणि यानं ते सुरू केलं. भिंतीपलीकडून कर्टिस ओरडला, "ही माझी नाही!"

"तुझीच आहे. तुझे कान गेलेत, म्हाताऱ्या!"

कर्टिस रडत होता म्हणे. हे व्हर्लिननं मला हसत हसत सांगितलं, हरामखोरानं. त्याच रात्री कर्टिस गेला.

त्याला पुरलं तो ऑक्टोबरातला दुसरा शुक्रवार. रात्री अकराच्या सुमारास व्हर्लिनचा फोन आला.

"ऑर्व्हिल, गाडी बंद होत नाहीये."

"किल्ली काढ की."

"हातात आहे."

"मग बॅटरी सोडव."

"सोडवली..."

मी कान देऊन ऐकलं. इंजिनाचा आवाजच नव्हता. नुसता त्याचा श्वास.

"गॅरेजचं दार उघडून बाहेर पड, मूर्खा!"

"उघडत नाही..." तो खोकला. "तो विचारतोय..."

"कोण?"

"विचारतोय... आता तुला ऐकू येतंय का..."

पुढं काही नाही.

मी धावत गेलो. दार एका हातानं उघडलं. आत धूर नाही. वास नाही. इंजिनावर हात ठेवला... गार. व्हर्लिन चाकाशी पडलेला. डॉक्टर म्हणाले, धुरानं गुदमरून मेला.

एप्रिलमध्ये त्यांच्या बहिणीनं गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक आलं. आपल्याकडे गिऱ्हाईक आधी बॉनेट उघडून इंजिनावर ठोकलेला नंबर बघतं. गाडीच्या नंबराशी जुळला, तर इंजिन मूळचं. मी म्हटलं, "उगाच वाकू नकोस बाबा, ते पिकअपचं आहे."

तो वाकलाच. टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिला.

"थट्टा करता का आजोबा? जुळतोय की."

मी पाहिलं. त्या नव्या इंजिनावर... एकेक आकडा... कर्टिसच्या गाडीचा.