सरदाराचा दात

"सकाळधरनं उभी हाय मी. माणसापरीस कुत्र्यांच्या डोक्यावर मांडव जास्त," हौसाबाई कोळेकर आपल्या मैना कुत्रीच्या कानात पुटपुटली. मैनेनं कान हलवला. तिला पटलं असावं.

वार्षिक मेळाव्याच्या मांडवाखाली वंशवहीत नाव असलेली दोनशे बारा कुत्री होती, सगळी उंच, खपाटीला गेलेल्या पोटाची, गळ्यात बिल्ले. मैना तशीच दिसायची, पण बिल्ल्याशिवाय. गेल्या वर्षी नियम आला होता: ज्या तालुक्यात शिकारी कुत्र्याचं देशी वाण जपायचं, तिथं वहीत नाव नसलेल्या प्रत्येक कुत्र्याची नसबंदी. मैनेची तारीख उद्याची होती. हौसाबाईच्या मेंढरांमागे चार पिढ्या धावलेलं ते घराणं उद्या संपणार होतं.

आज मात्र वहीचीच परीक्षा होती. जतन केंद्राच्या मुमताज शिकलगार टेबलावर जेवणाच्या डब्याएवढं यंत्र मांडून बसल्या होत्या. नाव वंशवाचक. कुत्र्यांच्या लाळेच्या पट्ट्या, एका वेळी पन्नास, आत सरकवल्या की आठ मिनिटांत ते सांगायचं, कुणाचं कुणाशी किती पिढ्यांचं नातं आहे आणि परक्या रक्ताची भेसळ किती. वही खरी ठरली, तर सरकार तिच्यावर कायमचा शिक्का मारणार होतं.

वहीच्या पहिल्या पानावर एकच नाव होतं: सरदार. चाळीस वर्षांपूर्वी दिल्लीच्या स्पर्धेत ढाल जिंकून आलेला कुत्रा. त्याच्यापासूनच सगळे, असं वही सांगायची. सरदाराचा एक दात चांदीच्या डबीत होता. मेळाव्याच्या दिवशी डबीला हार घालायचा, मग उद्‌घाटन. तसा हार आताही पडला.

"मॅडम, घ्या की हा दात!" मेळाव्याचे चिटणीस विलासराव छाती फुगवून म्हणाले. "ह्याच्याशीच ताडून बघा. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

"दाताला हात नको," सरदाराचे मालक आणि वही लिहिणारे आप्पा बिरनाळे खुर्चीतूनच म्हणाले. वय ब्याऐंशी. आवाज मात्र एकदम लहान मुलाचा झाला होता.

"आप्पा, आता कसलं सोवळं?"

मुमताजनी दात कोरून चिमूटभर भुकटी काढली. तोवर लाळेच्या पट्ट्या पन्नास-पन्नासानं आत जात राहिल्या. दुपार कलली. शेवटी त्यांनी चष्मा पुसला, आकडे परत पाहिले आणि रांगेच्या टोकाकडे बोट केलं.

"बाई, तुमचीही आणा."

"आमच्याकडं कागूद न्हाई."

"लाळ आहे ना?"

हसू पसरलं. मैनेनं पट्टी चाटलीच, वर मुमताजचा हातही चाटला.

आठ मिनिटांनी मुमताज उभ्या राहिल्या. "दोनशे बारांपैकी एकाचंही सरदाराशी नातं नाही."

विलासरावांचा हात डबीवर गेला. "यंत्र बिघडलंय."

"मलाही तेच वाटलं. म्हणून तीनदा लावलं. ही सगळी एकमेकांची नातलग आहेत, फक्त सरदाराची नाहीत. तिसांच्या अंगात तर परदेशी कुत्र्याची भेसळ आहे. आणि ज्या घराण्यातून ही सगळी आली, ते निर्भेळ राहिलंय एकाच कुत्रीत." त्यांनी मैनेच्या डोक्यावर हात ठेवला. "हिच्यात. हिची उद्याची तारीख मी आत्ता रद्द करतेय."

हौसाबाईनं पदर तोंडाला लावला. डोळे भरले होते, पण जीभ कोरडी नव्हती. "मंग विलासराव, नियम तसाच ऱ्हायला तर उद्या दवाखान्यात तुमचीच रांग की! लवकर जावा. थितं मांडव नसतुया."

मांडवात खसखस पिकली. म्हातारी मंडळी तेवढी हसली नाहीत. ती आपापल्या पायताणाकडे बघत होती.

"पण मग ह्यांचा बाप कोण?" मुमताजनी विचारलं. "वही कुणीतरी लिहिली ना?"

कुणी कुत्र्याचा पट्टा सैल केला, कुणी उगाच घट्ट केला. हौसाबाई मैनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या सासऱ्याची मेंढरं हयातभर आप्पांच्या पडीक रानात फुकट चरली होती, आणि ती कशाबद्दल, हे तिला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळलं होतं.

आप्पा काठी टेकत उठले. वही उचलून त्यांनी हौसाबाईसमोर धरली, पहिलं पान उघडून. खिशातलं पेन काढलं. आवाज आता अगदी स्वच्छ होता.

"सासऱ्याच्या त्या कुत्र्याचं नाव काय गं, हौसा? डोंगऱ्याच ना? सांग, म्हणजे नीट लिहितो. लोक सरदाराकडं कुत्र्या लावायला आणायचे आणि मी त्या मागल्या दारानं तुमच्या मेंढरांच्या वाघरीवर, डोंगऱ्याकडं न्यायचो. सरदाराला पिल्लं कधी झालीच नाहीत."