पासलीच्या बनाबाईचा आवाज

कार्ड कोरं होतं.

अफसानानं रेकॉर्डर बंद केला, चालू केला, कार्ड काढून ओढणीला पुसलं, परत बसवलं. आत काही नाही. पासलीच्या बनाबाईचं सगळं बोलणं त्या कार्डात होतं, आणि बनाबाई तर माघातच वारली होती. आता कुणाला जाऊन म्हणायचं, की बाई, पुन्हा एकदा सांगा?

उपयोजित भाषाविज्ञानाच्या एम.ए.चं अफसानाचं शेवटचं वर्ष. प्रबंधाचं सादरीकरण सोमवारी, भोरमधल्याच अभ्यासकेंद्रात. तिथं मूळ कार्ड जमा केल्याशिवाय प्रबंध घेत नसत. लॅपटॉपनं होळीच्या आधीच मान टाकली होती, म्हणजे दुसरी प्रतही नाही.

ती रडली नाही. तिला राग आला, आणि अफसानाचा राग म्हणजे काय चीज आहे ते त्यांच्या सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तिची आई खुर्शिदा आतूनच म्हणाली, की आधी चहा घे, मग कुणाचा जीव घ्यायचा तो घे.

चहा पिता पिता अफसानानं कार्ड उजेडात धरलं. तिच्या कार्डाच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. घरात भावंडांची कार्डं पडलेली असतात, त्यांत मिसळू नये म्हणून अम्मीनंच तो लावला होता. ह्या कार्डावर ठिपका नव्हता. म्हणजे आवाज पुसला गेला नव्हता. कुणीतरी हातानं, समजून-उमजून कार्डच बदललं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या.

तिचा विषय साधा होता. डोंगरातली म्हातारी माणसं वाट कशी सांगतात, आणि ती रुग्णवाहिकेच्या फोनवर बसलेल्या माणसाला कळावी कशी. बनाबाई तरुणपणी डोक्यावर तांदळाचं ओझं घेऊन घाट उतरून कोकणात जायची आणि मीठ, सुकट घेऊन परत यायची. तिच्या तोंडी पूर्व-पश्चिम नव्हतं. वरलं अंग, खाललं अंग, उंबर, पाणवठा, असं सगळं. दिवाळीनंतर अफसाना पासलीत राहिली आणि तिच्याजवळ खळ्याच्या कडेला बसली. मध्ये एक प्रश्न विचारायची नाही. प्रश्न केला की माणूस परीक्षेला बसल्यासारखं बोलतं, हा तिचा नेम. त्यामुळं कार्डात एकटी बनाबाईच होती, अफसाना औषधालाही नव्हती.

आणि माघात, भर दुपारी, त्याच बनाबाईच्या छातीत कळ आली. तिच्या लेकानं, हनुमंतानं, रुग्णवाहिकेला फोन करून आईनं शिकवली तशीच वाट सांगितली. पलीकडच्याला कळली नाही. गाडी भलत्याच वाडीला गेली. ती पासलीत पोचली तेव्हा उपयोग उरला नव्हता.

कार्ड शेवटचं वाजलं ते गेल्या रविवारी, हनुमंताच्या घरी. आईचा आवाज ऐकला आणि हनुमंत भडकला. वाट शिकत बसलीस आणि गाडी वाट चुकली, असं तोंडावर म्हणून तो उठून गेला. मग अफसाना गावोगावची माणसं भरून नेणाऱ्या पप्पूच्या वडाप जीपनं विंझरपर्यंत आली. गाडीत इतकी गर्दी की पिशवी सबंध वेळ तिच्या मांडीवरच होती. विंझरला वर्गमित्र कुमार मोटरसायकल घेऊन थांबला होता. कापूरहोळला भोरकडं वळायचं सोडून तो तिला पुढं किकवीला नेऊन, घरी चहा पाजून मग भोरला सोडून गेला.

तिनं कुमारला फोन केला. तो हळहळला. म्हणाला, "मला तर त्या हनुमंताचाच संशय येतो. मी पासलीला एकदाच गेलोय, मागच्या मे महिन्यात. नंतर तो तुझा भाग म्हणून पाऊल टाकलं नाही. पण तूच सांगितलंस ना, किती चिडला होता ते?"

अफसानाला ते पटलं. राग आला की जवळचं माणूस सांगेल ते पटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पासलीत पोचली. टँकर आला होता आणि बायांची हंड्यांवरून जुंपली होती. हनुमंताची बायको रत्ना रांगेतच भेटली. घामानं डबडबली होती बिचारी. ओढ्याचं पाणी दरसालाप्रमाणं होळीलाच आटलं, आता पावसाळ्याशिवाय त्यात चिमणीची चोच भिजायची नाही, असं करवादून तिनं सरपंचापासून सगळ्यांचा उद्धार केला. खळं मोकळं पडलं होतं. कडेला पेंढ्याची गंज तेवढी होती.

हनुमंत ओसरीत दावं वळत बसला होता.

"हनुमंतदादा, रविवारी माझ्या पिशवीला हात लावलात?"

"न्हाई."

"कार्ड गेलंय. तुम्ही चिडला होतात."

"व्हय, चिडलो व्हतो. अजून चिडलोय."

"मग रागानं फेकून दिलंत का?"

हनुमंतानं दावं खाली ठेवलं. "त्यात माजी आई हाय. आता तेवडीच उरलीया. म्या ती फेकून दीन? तू हरवलीस तिला. साधं संबाळता आलं न्हाई तुला."

अफसाना आल्या पावली वळली. तिचा स्वतःवरचा संताप इतका होता, की परत येताना जीपमध्ये ती पिशवी पुन्हा पुन्हा उलटी करून बघत राहिली. पप्पूनं दोनदा काय झालं म्हणून विचारलं आणि मग गप गाडी हाकली.

सोमवारी ती रिकामा रेकॉर्डर घेऊन अभ्यासकेंद्रात गेली. इंद्रजित सरांपुढं खरं काय ते सांगायचं आणि वर्ष गेलं म्हणून घरी यायचं, एवढंच उरलं होतं. कुमारचा नंबर आधी होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, अगदी साळसूद. पाकिटातलं मूळ कार्ड त्यानं सरांच्या टेबलावर ठेवलं आणि लॅपटॉपवर आवाज लावला.

"उंबराच्या वरल्या अंगानं याचं, आन् मंग खाली बगत ऱ्हायाचं…"

बनाबाई बोलत होती. मागं ठप्प, ठप्प असा आवाज येत होता, आणि प्रत्येक ठप्पच्या मागून बारीकशी सरसर.

अफसाना ताडकन उठली. "हा माझा आवाज आहे, सर. म्हणजे बनाबाईचा. माझ्या कार्डातला."

कुमारनं शांतपणे मान हलवली. म्हातारी सगळ्यांना तेच सांगायची, त्यानं अफसानाच्या कितीतरी आधी टिपून घेतलं होतं. बिचारीचं कार्ड हरवलंय, तिची मनःस्थिती आपण समजून घेऊ. सरांनी तारीख पाहिली, पण रेकॉर्डरचं घड्याळ कधी लावलेलंच नव्हतं आणि भलतंच साल दिसत होतं. दोघांकडंही एकाच जातीचा रेकॉर्डर. सर अफसानाला बस म्हणाले आणि सहज त्यांनी कुमारला विचारलं, की हे मागं ठप्पठप्प काय चाललंय?

"ओढ्यावर बाया धुणं धूत होत्या, सर."

अफसाना बसली नाही. तिचा आवाज एकदम खाली आला. गल्लीतली माणसं तो खालचा आवाज ऐकून दारं लावून घेत.

"कुमार, रेकॉर्डिंग कुठं केलंस?"

"त्यांच्या खळ्यापाशी."

"कधी?"

"मागच्या मे महिन्यात. सांगितलंय तुला."

"नंतर पासलीला गेलास?"

"एकदाही नाही."

"सर," अफसाना म्हणाली, "पासलीचा ओढा दरवर्षी होळीला आटतो. मे महिन्यात तिथं प्यायला टँकर येतो, धुणं कुठलं धुणार? आणि धुण्याच्या मागून सरसर दाणे पडत नाहीत. ही भाताची झोडणी आहे. पेंढी फळीवर आपटली की ठप्प होतं, आणि मग भात गळतं. ती दिवाळीनंतर होते. मी तेव्हा त्या खळ्यावर होते. हा किकवीचा, ह्याच्याकडं ऊस आणि ज्वारी. ह्यानं जन्मात भात झोडलेलं नाही, म्हणून ह्याला ते धुणं वाटलं."

कुमार घाईघाईनं म्हणाला, की मग महिना सांगायला चुकला असेल, दिवाळीनंतरच गेलो असेन.

"आत्ताच म्हणालास, एकदाही नाही." अफसाना टेबलापाशी गेली. "माझी पिशवी फक्त एकाच ठिकाणी माझ्या हातातून सुटली. तुझ्या घरी. तुझ्या आईनं चहाआधी हातपाय धुवायला मला मागच्या दारी नेलं, आणि पिशवी कॉटवर तुझ्यापाशी राहिली. सर, त्या कार्डावर ह्यानं नावाची चिठ्ठी चिकटवलीय. ती काढा."

सरांनी नखानं चिठ्ठी सोलली. खाली लाल ठिपका होता.

कुमार खाली बघत पुटपुटला, की त्याचं फील्डवर्क झालंच नव्हतं आणि पास तर व्हायचंच होतं. म्हातारी गेलीच होती, तिचं काय बिघडणार होतं? हे ऐकून अफसानानं हात उगारला होता. कुणावर हात टाकायचा नाही अशी शपथ निघताना खुर्शिदानं घातली होती, ती आठवून तिनं तो खाली घेतला.

सरांनी घसा खाकरला. मुलाचं आयुष्य आहे, आपसात मिटवता आलं तर बघा, असं ते म्हणू लागले.

"नाही मिटवणार," अफसाना म्हणाली. "आई गेलेल्या माणसाला मी ह्याच्या सांगण्यावरून चोर म्हणून आले. तुम्ही वर लिहून पाठवा, नाहीतर मी पाठवते."

सरांनी लिहून पाठवलं, आवाज उतरवून घेतला आणि कार्ड तिला परत दिलं.

बाहेर येऊन तिनं हनुमंताला फोन लावला. आधी माफी मागितली, मग कार्ड बसवून रेकॉर्डर फोनजवळ धरला. बनाबाई आपल्याच घराची वाट सांगू लागली, उंबरापासून थेट ओसरीपर्यंत.

"बराबर सांगतीया," सगळं ऐकून हनुमंत म्हणाला. "म्याबी त्यास्नी असंच सांगितलं व्हतं."

"मी कार्ड घेऊन उद्या येते, दादा. घरात सगळ्यांना ऐकवते."

"आमाला नगं," तो म्हणाला. त्याचा आवाज रागानं कापत होता. "आदी त्या फोनवर बसत्यात, त्यास्नी ऐकव. मंग हिकडं ये."