गावकीच्या फळ्या

सहदेवची आयुष्यात एकच हौस राहिली होती, ती म्हणजे हातपाय पसरून झोपायचं. यात काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. पण पोलादपूरकडच्या ज्या पुरुषांनी मुंबईत गावकीच्या खोलीत दिवस काढले, त्यांना विचारून बघा. एका खोलीत अख्ख्या वाडीचे बाप्ये, पाळीपाळीने झोपणारे. प्रत्येकाला भिंतीवर एक खिळा आणि खाली खांद्याएवढी जागा. नियम असा, की पाळी सुटून येणाऱ्याने "सरक" म्हणायचं आणि झोपलेल्याने डोळे न उघडता सरकायचं. कोण आलंय ते बघत बसायचं नाही. गोदीत सुतार असलेल्या सहदेवने उभी नोकरी अशी कुशीवर झोपून काढली.

निवृत्त होऊन तो आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आपल्या वाडीत परतला, तर घरात चंद्रभागेचं राज्य. पडवीत रंधा चालवला की तिच्या तांदळात भुसा, ओटीवर आडवा झाला की तिथेच पापड वाळत घालायचे असायचे. शेवटी त्याने जाहीर केलं, की परसात आपली लाकडी खोली बांधणार. हत्यारं ठेवायला आणि काम करायला.

"कामाला उशी कशाला लागते?" चंद्रभागेने विचारलं. नवी उशी तिच्या नजरेतून सुटली नव्हती.

लाकडाचीच का, तर तळीयेची दरड बघितल्यापासून डोंगराच्या कडेला जड बांधायला कुणाचं मन धजत नाही. मुलगा अक्षय मुंबईहून फोनवर परदेशी खोल्यांचे फोटो पाठवू लागला. भिंती ओंडक्यांच्या, वर बर्फ. "पप्पा, रेडीमेड घ्या, येऊन फिट करून देतात." महाडला एका दुकानात तसा नमुना उभा होता. सहदेवने जाऊन त्याच्या भिंतीवर टकटक केली.

"हे आंब्याच्या पेटीचं लाकूड," तो दुकानदाराला म्हणाला. "यात मी काय पिकायला बसू?"

तेवढ्यात मुंबईतली ती चाळच पाडायला काढली. गावकीच्या खोलीतला झोपायचा पोटमाळा जुन्या अस्सल सागवानाचा होता. खोलीतली जुनी माणसं एकेक करून वर गेली होती, आणि फळ्यांवर हक्क सांगायला एकटा सहदेव उरला होता. अक्षयने त्या टेम्पोत घालून पाठवून दिल्या. इतक्या जणांच्या तेलकट डोक्यांनी आणि पाठींनी त्या काळ्याभोर, गुळगुळीत झाल्या होत्या. सहदेवने त्यांच्यावरून हात फिरवला तेव्हा त्याला घरी कुणी आल्यासारखं वाटलं.

काळ्या दगडाचं जोतं, ऐनाचे खांब, वर पत्रा, आणि भिंतींना व जमिनीला त्या फळ्या. माप त्याने फार विचार करून घेतलं होतं. एक माणूस पसरून झोपला की दुसऱ्याला बसायलाही जागा उरू नये. कपडे टांगायला समोरच्या भिंतीत खिळा ठोकला, तोही एकच.

नवं काही बांधलं की राखणदार देवाला सांगायचं, ही वाडीची रीत. गोमाजी म्हाताऱ्याने नारळ ठेवून व्यवस्थित गाऱ्हाणं घातलं. ते संपलं तरी सहदेवचा ऊर भरलेलाच होता. हात जोडून तो पुढे बोलत सुटला, "आणि आमच्या खोलीतल्या मंडळींनो, भिकू, सदू, सगळे, तुमच्याच फळ्या हायत या. आपलं समजून या."

फोडायला उचललेला नारळ गोमाजीच्या हातातच राहिला. "गाऱ्हाण्यात देवाला बोलवायचं रे. माणसांना कशापायी बोलावलंस?"

"ती माणसं आता हायत कुठं?"

"तेच म्हणतोय मी."

नारळ फोडून गोमाजी चहाला न थांबता निघून गेला. त्याने फुकटचा चहा सोडल्याचं वाडीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

सहदेवने दुपारी दाराला कडी लावली, चटई टाकली आणि चारी दिशांना हातपाय सोडून दिले. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. त्या झोपेची चव तो पुढे कितीतरी दिवस चंद्रभागेला सांगत होता.

मग शर्टाचं सुरू झालं. खिळ्याला अडकवलेला शर्ट उठून बघावं तर खाली, तोही घडी घालून. खिळा तिरका असेल म्हणून त्याने तो ठोकून सरळ केला, तरी शर्ट खालीच. मग चुना-तंबाखूचा वास यायला लागला. सागवान वास धरून ठेवतं, असं त्याने स्वतःला समजावलं. मग एके दिवशी चंद्रभागा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"अवो, पालीसारखे भितीला काय चिकटलाय? सगळी खोली मोकळी हाय."

"सवय गो," सहदेव म्हणाला.

ती गेल्यावर त्याने टेप काढून खोली मोजली. टेप खोटं बोलत नाही, यावर त्याची देवाहून जास्त श्रद्धा होती. खोली बांधली तेवढीच भरली. फक्त ती त्याला पुरत नव्हती.

दुसऱ्या दुपारी त्याचा नुकता डोळा लागला होता.

"सरक."

आवाज भिकूचा होता, नाकातला. सहदेव विचार करायच्या आत सरकला. डोळे उघडले नाहीत, नियमच तसा होता. भीती नंतर वाटली. खरं सांगायचं, तर त्याआधी क्षणभर त्याला फार बरं वाटलं होतं.

पण जागा गेली ती गेलीच.

त्यानंतर तो परसात गेला, तेव्हा दाराला आतून कडी होती.

त्याने जुन्या सवयीने दोनदा टकटक केलं. कडी सरकली.

आत कुणीच नव्हतं. भिंतीवर मात्र ओळीने खिळे होते, जुने, गंजलेले. त्याचा नवा खिळा समोरच्या भिंतीतून निघून दाराजवळ आला होता. गावकीच्या खोलीत सहदेवचा खिळा तिथेच असायचा.

सहदेवने उशी उचलली, बाहेरून कुलूप घातलं, घरात येऊन ओटीवरच्या नवारीच्या खाटेवर अंग टाकलं. पापडांचं काय व्हायचं ते होवो.

चंद्रभागा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "आज इथं? आणि एवढी रुंद खाट असून कडेला का झोपलाय? पडाल की."

सहदेवने डोळे मिटलेलेच ठेवले.

ती खाटेच्या मोकळ्या बाजूला टेकायला गेली.

"तिथं नको," तो हळूच म्हणाला.

चंद्रभागेने खाली पाहिलं. त्या रिकाम्या बाजूची नवार जमिनीपर्यंत खाली गेली होती.

बाहेर पायरीवर कुणीतरी चपला काढल्या. मग आणखी कुणीतरी.