चौगुले काकूंचा आकडा

स्वरदा कॉलेजला निघाली, खाली फाटक वाजलं, आणि मेघनाने मनगटावरची पट्टी नखाने उचकटली. तिसऱ्या मिनिटाला ती शेजारच्या चौगुले काकूंच्या दारात उभी होती.

"आलीस? लाव बाई." काकूंनी एक हात पुढे केला, दुसऱ्याने मेथी निवडणं चालूच. "पण तुझं दुखणं माझ्या हाताला कशाला, ते एकदा सांग तरी."

"दुखणं नाही हो काकू. तुमची शांती उसनी घेतेय."

पट्टी बोटभर लांबीची. कातडीवरचा घाम आणि नाडी मोजून ती कॉलेजच्या वेळात मनावरच्या ताणाचा आकडा फोनवर सांगायची, शून्य ते शंभर. सतरा वर्षांच्या स्वरदाला गेल्या वर्षी नैराश्याचं निदान झालं तेव्हा तिला अशी पट्टी मिळाली होती. या जूनमध्ये समुपदेशक बाईंनी मेघनालाही दिली. "मुलांना सांभाळता सांभाळता आईबाप आतून संपत जातात. तुमच्याकडेही कुणी बघायला हवं. दोघींना एकमेकींचे आकडे दिसतील. लपवू नका."

पहिल्याच दिवशी, दोघींचे फोन जोडायच्या आधी, मेघनाचा आकडा आला एक्याऐंशी. दहावीला एवढे पडले असते तर आईने मिरजभर पेढे वाटले असते. इथे मात्र तिला नापास झाल्यासारखं वाटलं. पोर आधीच खचलेली, त्यात आईचं ओझं कशाला? दुसऱ्या दिवशी पट्टी काकूंच्या मनगटावर गेली. पट्टीला घाम कळायचा, माणूस कळायचा नाही. काकू कायम तिशीच्या आत. जेवून आडव्या झाल्या की अठरा. समुपदेशक बाईंनी कळवलं, 'छान प्रगती!'

असे तीन आठवडे गेले. मेघना पिको-फॉलच्या मशीनवर बसायची, पण डोळे फोनवरच्या स्वरदाच्या आकड्यावर. बावन्न. सत्तावन्न. एका गिऱ्हाइकाच्या साडीला तिने उलट्या बाजूने फॉल लावला.

गुरुवारी दुपारी आकडा अठ्ठ्याऐंशीवर गेला. तिने फोन लावला. पुन्हा लावला. अर्ध्या तासात तेरा वेळा. मग आकडाच गेला. स्वरदाने पट्टी काढून टाकली होती.

मेघना किल्ल्या शोधत होती, तेवढ्यात दार उघडलं. स्वरदा आत आली. चेहरा पांढराफटक.

"प्रॅक्टिकलला श्वासच येईना. बाथरूममध्ये बसून राहिले."

"अगं, मग फोन का नाही—"

"तुझा आकडा बघत होते." स्वरदाने फोन पुढे धरला. "माझा अठ्ठ्याऐंशी, तुझा एकोणीस. तेरा फोन केलेस, तरी एकोणीसच. करायचं म्हणून करतेस ना सगळं? मी नसते तरी तुझं काही हललं नसतं, आई."

मेघना चपला न घालता शेजारी धावली आणि झोपेतल्या काकूंना हाताला धरून घेऊन आली.

"सांगितलं नाहीस पोरीला?" काकू जांभई आवरत म्हणाल्या. "अगं स्वरदा, हा एकोणीस माझा."

मेघनाने काकूंच्या हातावरची पट्टी काढून स्वतःच्या मनगटावर दाबली. चाळीस. सहासष्ट. ब्याऐंशी. चौऱ्याण्णव. आता ही कोसळणार, या भीतीने तिचे डोळे स्वरदावरून हलेनात.

"एवढा आकडा कधीपासून?" स्वरदाने विचारलं.

"तू जेवण सोडलंस तेव्हापासून."

स्वरदाने फोन खाली ठेवला. "आणि मला वाटायचं, या घरात मी एकटीच बिघडलेय." तिने खिशातून स्वतःची पट्टी काढून लावली. शहात्तर. दोन आकडे शेजारी शेजारी, दोन्ही थरथरणारे. काकू चहा टाकायला आत गेल्या.

चौऱ्याण्णवचे शहाण्णव झाले. मेघनाचे हात गार पडले, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं. वर्षभर तिने मुलीला किती उपाय सांगितले होते: लवकर झोप, प्राणायाम कर, बदाम खा. हे एकदाही विचारलं नव्हतं.

"स्वरदा," ती कशीबशी म्हणाली, "असं झालं की तू काय करतेस गं?"